पायउतार होणाऱ्या मंत्रिमंडळाचे शब्द : १७ सप्टेंबर १९४८ चे नभोवाणी-भाषण आणि नांदेड-लातूर परिसर

१

सत्ता हाती घेताना केलेली भाषणे जतन करण्याची काळजी राज्यकर्ते आणि त्यांचे चरित्रकार सहसा घेतात. सत्ता सोडतानाच्या भाषणांच्या वाट्यास हे भाग्य क्वचित येते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा १७९६ मधील निरोपाचा संदेश हा या बाबतीत ठळक अपवाद होय. आणि तोही भाषण म्हणून प्रत्यक्ष केला गेला नव्हता, वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला होता. वास्तविक पद सोडणाऱ्याचे शब्द इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगी पडावयास हवेत. पदावर येणारा मनुष्य आश्वासने देतो. पद सोडणारा मनुष्य, त्याची इच्छा असो वा नसो, आपण काय केले आणि कोणाच्या नावाने केले याचा हिशेब देत असतो. तो हिशेब घटनांशी ताडून पाहण्याची सोय पुढील पिढ्यांस असते.

हैदराबाद संस्थानातील निजामी राजवटीचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपल्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी नभोवाणीवरून प्रजेस उद्देशून भाषण केले. भारतीय सैन्याची कारवाई सुरू होऊन तो पाचवा दिवस होता. या भाषणातील दोन विधाने विशेष परिचित आहेत. पहिले असे की, कितीतरी वरचढ असलेल्या सैन्यापुढे मानवी रक्त सांडण्यात आता काही अर्थ उरलेला नाही, असे मंत्रिमंडळास त्या दिवशी पहाटे वाटले. दुसरे असे की, हैदराबादची एक कोटी साठ लाख प्रजा ही बदललेली परिस्थिती मोठ्या धैर्याने स्वीकारीत आहे.

ही दोन विधाने हैदराबाद शहरातून केली गेली. त्यांचा खरेखोटेपणा मात्र शहरात बसून ठरविता येण्यासारखा नाही. संस्थानातील मराठी मुलखात, विशेषतः नांदेड जिल्ह्यात आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूर शहरात, त्या भाषणापूर्वी काय घडले होते आणि त्यानंतर काय घडले, हे पाहिल्यावाचून त्या शब्दांचे मोल कळत नाही. प्रस्तुत निबंधात हीच तपासणी करावयाची आहे. तिच्या अखेरीस जो निष्कर्ष निघतो तो प्रथमच सांगून ठेवणे सोयीचे होईल : रक्त वाचविण्याचा जो हिशेब त्या भाषणात मांडला गेला, त्यात केवळ सैनिकांचे रक्त धरलेले होते. गावोगावच्या प्रजेचे आधी सांडलेले आणि पुढे सांडावयाचे रक्त त्या हिशेबात कोठेही नव्हते.

२

लायक अली यांचे मंत्रिमंडळ कसे अस्तित्वात आले, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या रीतीने सत्ता येते तिची छाया सत्ता जाण्याच्या रीतीवरही पडते.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद हे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख वस्तीचे संस्थान होते. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे त्याचे तीन भाषिक विभाग होते. मुसलमानांचे प्रमाण एकूण वस्तीच्या सुमारे तेरा टक्के होते; राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. संस्थान भारतात विलीन करण्यास सातवे निजाम मीर उस्मान अली खान तयार नव्हते. त्यांचे पंतप्रधान छतारीचे नवाब आणि घटनाविषयक सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन हे दिल्लीशी वाटाघाटी करीत होते. त्या वाटाघाटींतून तयार झालेला कराराचा मसुदा घेऊन शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हजारोंच्या जमावाने त्यांच्या निवासस्थानांस वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. छतारीच्या नवाबांनी पद सोडले. त्यांच्या जाण्याबरोबर प्रजेला उद्देशून निरोपाचे भाषण झाले नाही, व्हावयाचे कारणही नव्हते; कारण संस्थानचा पंतप्रधान फर्मानाने येत असे आणि फर्मानाने जात असे. या घडामोडीनंतर १९४७ च्या अखेरीस लायक अली यांच्याकडे पंतप्रधानपद आले. ते शिक्षणाने अभियंता आणि व्यवसायाने उद्योगपती होते. प्रत्यक्ष राजकारणाचा त्यांचा अनुभव अल्प होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाच्या मुदतीचा ‘जैसे थे’ करार झाला आणि तो निभावण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली.

वेढा घालणारा जमाव इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेचा होता. लातूरच्या इतिहासाचा या घटनेशी निकटचा संबंध येतो तो येथेच. १९४४ मध्ये बहादूर यार जंग यांच्या मृत्यूनंतर संघटनेची सूत्रे काही काळाने ज्यांच्या हाती गेली ते सय्यद कासीम रझवी हे लातूर येथे वकिली करणारे गृहस्थ होते. अलीगढ येथे त्यांचे शिक्षण झाले होते. संघटनेच्या स्वयंसेवक दलास, म्हणजे रझाकारांस, निमलष्करी स्वरूप आले ते त्यांच्या नेतृत्वाखाली.

लातूर हे त्या काळी लहानसे खेडे नव्हते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग तेथवर पोहोचल्यापासून धान्य व कापूस यांची ती एक मोठी बाजारपेठ झाली होती. हिंदू अडत्यांप्रमाणेच सधन कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्याही तेथे होत्या. व्यापारामुळे परस्परावलंबी झालेल्या अशा गावातील एका वकिलाच्या हाती संस्थानातील सर्वांत आक्रमक संघटना गेली, आणि पुढे त्याच गावाला त्याची जबर किंमत मोजावी लागली.

३

‘मानवी रक्त सांडण्यात अर्थ नाही’ ही जाणीव मंत्रिमंडळास १७ सप्टेंबरच्या पहाटे झाली. परंतु मराठवाड्यात रक्त सांडण्यास त्याच्या कितीतरी आधी आरंभ झाला होता.

हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना १९३८ मध्ये होताच तिच्यावर बंदी आली. ती उठली १९४६ मध्ये. त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९४६ रोजी, नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्वातंत्र्याच्या पहाटेपूर्वी झालेल्या या बलिदानाची स्मृती त्या परिसरात अद्याप जागती आहे. जानेवारी १९४८ पासून स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबेजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था यांच्याद्वारे त्यांनी घडविलेले तरुण त्या वेळी सरहद्दीवरील शिबिरांतून लढा चालवीत होते. सोलापूर-बार्शीच्या बाजूस तशी वऱ्हाडच्या बाजूसही ही शिबिरे होती. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे त्यांपैकी एक होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर या स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली आणि वीस लाखांच्या घरातील रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

रझाकारांच्या जुलमाची रीत ठरीव स्वरूपाची होती. पंडित सुंदरलाल यांच्या ज्या समितीचा उल्लेख पुढे यावयाचा आहे तिनेही ती नमूद केली आहे. गावोगावी मासिक रकमेची मागणी केली जाई. जेथे ती मुकाट्याने भरली जाई तेथे सहसा उपद्रव होत नसे. जेथे विरोध होई तेथे लूट, जाळपोळ आणि हत्या होत. सरकारी यंत्रणा अशा वेळी डोळेझाक करी, आणि काही ठिकाणी साहाय्यही करी. अव्वल तालुकदार, तहसीलदार आणि पोलिसांचे अमीन यांच्याकडे दाद मागावी तर दाद देणारा आणि दरोडा घालणारा यांतील अंतरच पुसट होत चाललेले. परिणामी हजारो कुटुंबे घरेदारे सोडून सोलापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड या भागांत आश्रयास गेली. मागे राहिलेल्यांनी उदगीरजवळच्या हत्तीबेटासारख्या ठिकाणी स्वसंरक्षणाचे मोर्चे उभारले.

यातील बराचसा काळ लायक अली यांच्याच कारकीर्दीचा होता. तेव्हा निरोपाच्या दिवशी मंत्रिमंडळाने रक्तपाताविषयी जो विवेक दाखविला तो खोटा होता असे नव्हे. तो फार उशिरा आला, आणि आला तेव्हा त्याची नजर रणभूमीपुरती होती. बिलोली, उमरी, उदगीर येथे लढाई जाहीर झाली नव्हती. म्हणून तेथील मृत्यू राज्याच्या वहीत जमा धरले गेले नाहीत.

४

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबादच्या रस्त्याने पुढे सरकली. पश्चिम-वायव्येच्या बाजूने आलेल्या तुकड्यांनी दौलताबाद, जालना हा भाग घेतला आणि १५ तारखेस औरंगाबाद शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, स्वाधीन झाले. ज्या संयुक्त राष्ट्रसंघावर हैदराबाद सरकारने भिस्त ठेवली होती त्याच्या सुरक्षा समितीपुढे, पॅरिस येथे, हैदराबादच्या तक्रारीची पहिली चर्चा १६ सप्टेंबरला झाली. दुसऱ्याच दिवशी तक्रार करणारे मंत्रिमंडळ उरले नव्हते.

१७ तारखेस निजामांनी भारत सरकारचे एजंट जनरल कन्हैयालाल मुनशी यांस मंत्रिमंडळाचा राजीनामा कळविला. सायंकाळी पाच वाजता युद्धबंदी झाली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी मुक्त झाले. निजामांनी स्वतःही नभोवाणीवरून भाषण केले. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, हैदराबादचे सेनापती मेजर जनरल एल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

या क्रमात लायक अली यांच्या भाषणाचे स्थान काय? एका अर्थाने ते आवश्यक होते. शहरापर्यंत युद्ध पोहोचले असते तर हैदराबादच्या दाट वस्तीत मोठी प्राणहानी झाली असती, हे नाकारता येणार नाही. पराभव उघडपणे मान्य करून लढाई थांबविण्याचा निर्णय हा त्यांच्या कारकीर्दीतील कदाचित सर्वांत जबाबदार निर्णय होय. तीन वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानच्या सम्राटांनीही नभोवाणीवरूनच युद्ध थांबविल्याचे सांगितले होते. त्या भाषणात ‘शरणागती’ हा शब्द नव्हता आणि त्याची दरबारी भाषा सामान्य जपानी माणसास नीटशी कळली नव्हती. त्या मानाने लायक अली यांचे शब्द सरळ होते. वरचढ सैन्यापुढे आपले काही चालत नाही, हे त्यांनी सांगून टाकले.

मात्र दुसऱ्या विधानाची परीक्षा अधिक कठोरपणे करावी लागते. एक कोटी साठ लाख प्रजा नवी परिस्थिती धैर्याने स्वीकारीत आहे, असे म्हणताना ते सर्व प्रजेच्या वतीने बोलत होते. हा अधिकार त्यांना कोणी दिला होता? त्यांचे मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या सभेस जबाबदार नव्हते. स्वतंत्र राहावयाचे की भारतात सामील व्हावयाचे, हा प्रश्न प्रजेस त्यांनी विचारला नव्हता. विचारणारे तुरुंगात होते. नांदेड वा लातूर परिसरातील बहुसंख्य शेतकऱ्यांस जी घटना मुक्ती वाटत होती, ती त्यांनी धैर्याने सोसावयाची आपत्ती म्हणून वर्णिली गेली. त्याच परिसरातील गरीब मुसलमान विणकरास वा शेतमजुरास, ज्याने सत्तेचा उपभोग कधी घेतलाच नव्हता, त्यास धैर्याची खरोखर गरज पडावयाची होती. पण त्याला ती कशासाठी पडणार याची कल्पना त्या वाक्यातून येत नव्हती. शिवाय नभोवाणीचे यंत्र हे तेव्हा शहरातील मोजक्या घरांचे साधन होते. खेड्यात पोहोचली ती बातमी. भाषण पोहोचले नाही.

सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, निजामांनी नभोवाणीवरून आणखी एक भाषण केले. त्यात त्यांनी सर्व दोष कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील गटावर ठेवला : या गटाने छतारीच्या नवाबांच्या घरास वेढा घातला, त्यांस राजीनामा देण्यास भाग पाडले आणि लायक अली यांचे मंत्रिमंडळ आपल्यावर लादले, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही भाषणे शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. पंतप्रधानांनी परिस्थितीकडे बोट दाखविले आणि निजामांनी रझवींकडे. रझवी हे सत्तेच्या कोणत्याही पदावर नव्हते. म्हणजे ज्या राज्यात पदावरील माणसे जबाबदार नाहीत आणि जबाबदार ठरविलेला माणूस पदावर नाही, अशा राज्याचा कारभार कोणाकडून कोणाकडे सोपविला जाणार होता?

५

या प्रश्नाचे उत्तर पुढील तीन-चार आठवड्यांत मिळाले, आणि ते भीषण होते.

मंत्रिमंडळाच्या जागी बेरारचे राजपुत्र यांच्या नेतृत्वाखाली एक समिती काम पाहील, अशी योजना निजामांनी केली होती. भारत सरकारने ती मान्य केली नाही. जनरल चौधरी लष्करी राज्यपाल झाले आणि द. शं. बखले हे मुख्य मुलकी प्रशासक म्हणून आले. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी बोलाविण्यात आले. राजधानीत ही व्यवस्था त्वरेने बसली. तालुक्यांत मात्र तसे घडले नाही. जुने तहसीलदार आणि अमीन पळाले किंवा निष्क्रिय झाले. नवे यावयाचे होते. सैन्याचा मुख्य मार्ग नळदुर्गवरून हैदराबादकडे जाणारा होता. लातूर त्याच्या उत्तरेस बाजूला पडते आणि नांदेड तर त्याहून कितीतरी दूर. रस्ता ताब्यात आला म्हणून रस्त्यापलीकडचा तालुका ताब्यात येत नाही. या मधल्या पोकळीत वर्षभराचा सूड बाहेर पडला, आणि तो बहुतांशी ज्यांनी अत्याचार केले त्यांच्यावर नव्हे, तर त्यांच्याशी धर्माखेरीज ज्यांचा काही संबंध नव्हता अशांवर कोसळला.

या घटनांची चौकशी करण्यासाठी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची सद्भावना-समिती संस्थानात आली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात तिने प्रवास केला. तिच्या अहवालाप्रमाणे सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे होत. कारवाईच्या वेळी व त्यानंतर संस्थानात मृत्यू पावलेल्यांची संख्या समितीने किमान २७ हजार ते ४० हजार अशी अंदाजली. आजच्या लातूर जिल्ह्याचा भूभाग त्या वेळी उस्मानाबाद आणि बीदर या दोन जिल्ह्यांत विभागलेला होता. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ मध्ये बीदरमधून मराठवाड्यात आले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र झाला. हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा प्रदेश त्या आपत्तीच्या अगदी मध्यावर होता, हे कळून येते.

लातूर शहराविषयी समितीने लिहिलेला मजकूर विशेष उद्वेगजनक आहे. कासीम रझवींचे गाव म्हणून त्याचा निर्देश करून, तेथील हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले, असे समितीने नमूद केले. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक समितीस गावात आढळले. एक हजारांहून अधिक मारले गेले होते आणि उरलेले परागंदा झाले होते. वीस दिवस हा अवधी विचारात घेण्याजोगा आहे. सैन्याची संपूर्ण कारवाई पाच दिवसांत आटोपली. ज्या युद्धात रक्त सांडू नये म्हणून मंत्रिमंडळ पायउतार झाले, त्या युद्धाच्या चौपट काळ एका बाजारपेठेच्या गावात माणसे मारली जात होती.

समितीने आणखीही एक गोष्ट नोंदविली आहे, आणि तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे प्राण वाचविले. समव्यवसायी लोकांत ही आपुलकी विशेष दिसून आली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या बचावासाठी हल्लेखोर हिंदूंशी सामना दिला आणि त्यात काहींनी प्राणही गमावले. राज्य जेथे लोपले तेथे माग आणि मोहल्ला यांनी त्याचे काम केले. हे सर्वत्र घडले नाही. परंतु जेथे घडले तेथे कोणाच्या भाषणामुळे घडले नाही, हेही तितकेच खरे.

हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो अभ्यासकांच्याही सहज हाती येत नव्हता. एकविसाव्या शतकात त्याची व्यापक चर्चा होऊ लागली. त्यातील आकड्यांविषयी मतभेद झाले आहेत आणि पुढेही होतील. एका छोट्या समितीने अल्प काळात केलेली ती पाहणी होती. तिचे आकडे म्हणजे मोजणी नसून अंदाज आहेत. तथापि लातूर-नांदेड परिसरात हत्या आणि स्थलांतर मोठ्या प्रमाणावर झाले, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

६

या ठिकाणी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. एखाद्या भाषणात अमुक शब्द असते तर लातुरातील हत्याकांड टळले असते, असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. जे मंत्रिमंडळ अधिकारावर असताना आपल्याच तहसीलदारांस आवरू शकले नाही, त्याचे अखेरचे शब्द अधिकार सोडल्यावर कोण मानणार होते? सूडाची कारणे वर्षभरात साचली होती. शस्त्रे वाटली गेली होती. आणि हत्या करणाऱ्यांची जबाबदारी हत्या करणाऱ्यांवरच राहते, ती मावळत्या पंतप्रधानांवर ढकलून चालत नाही. नव्या प्रशासनास तालुक्यांत पोहोचण्यास जो विलंब लागला त्याची जबाबदारी नव्या राज्यकर्त्यांकडेही येते. समितीने तर सैन्य आणि पोलीस यांतील काही लोकांच्या लुटीतील सहभागाचीही नोंद केली आहे.

तेव्हा या भाषणाचे महत्त्व कारण म्हणून नाही, लक्षण म्हणून आहे. राज्य ही वस्तू राजधानीत असते, प्रजा ही संख्या असते आणि रक्तपात हा सैन्यांमधील व्यवहार असतो, अशी जी समजूत त्या राजवटीत मुरलेली होती, तिचेच प्रतिबिंब निरोपाच्या शब्दांत पडले. ज्या पायावर ती उभी होती तो पाया गावागावांतून केव्हाच खचला होता, हे राजधानीत कळले ते सैन्य दाराशी आल्यावर. सत्तांतराची खरी कसोटी राजीनाम्याच्या कागदावर लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या कचेरीत कोण बसलेले आहे आणि त्याच्याकडे दाद मागावयास जाणाऱ्या दुबळ्या माणसास भय वाटते की नाही, यावर ती लागते.

या प्रकरणातील प्रमुख व्यक्तींची पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. लायक अली स्थानबद्ध होते. मार्च १९५० मध्ये ते पहारा चुकवून पाकिस्तानात गेले. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या कारकीर्दीविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि भाषणात जे थोडक्यात सांगितले होते त्याची आपल्या बाजूने विस्ताराने मांडणी केली. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. कासीम रझवी यांस शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटका होताच ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराची येथे वारले. निजाम १९५० पासून राजप्रमुख होते. १९५६ मध्ये संस्थानचे भाषावार विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि ते पदही संपले. या विभाजनाचा आग्रह स्वामी रामानंद तीर्थ यांनी आरंभापासून धरला होता. स्वामीजी १९७२ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेड येथे स्थापन झाले ते १९९४ मध्ये, १७ सप्टेंबर याच दिवशी.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून १७ सप्टेंबर साजरा होतो तो योग्यच आहे. त्या दिवशी अर्जापूर, उमरी, हत्तीबेट येथील त्यागाचे सार्थक झाले, आणि एका अनियंत्रित राजवटीखालून लक्षावधी लोक मोकळे झाले. परंतु त्याच तारखेनंतरचे वीस दिवस लातूरच्या इतिहासाचा तेवढाच खरा भाग आहेत. मुक्तीचा इतिहास आणि हत्याकांडाचा इतिहास असे दोन वेगळे ग्रंथ करून एक कपाटात व दुसरा तळघरात ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. तीमुळे दोन्ही इतिहास अपुरे राहिले. रझाकारांच्या जुलमाची सविस्तर नोंद केल्याने नंतरच्या हत्या क्षम्य ठरत नाहीत, आणि नंतरच्या हत्यांची नोंद केल्याने स्वातंत्र्यलढ्याचे तेज उणे होत नाही.

नांदेड आणि लातूर परिसरातील गावागावांत या दोन्ही काळांच्या खुणा आहेत : जुने महसुली दप्तर, बाजारपेठेतील पेढ्यांच्या वह्या, ओस पडलेली घरे, बदललेली मालकी आणि वृद्धांकडून पुढच्या पिढीकडे आलेल्या आठवणी. त्यांपैकी आठवणींचा ठेवा फार झपाट्याने नाहीसा होत आहे. उर्दू आणि मोडी जाणणारे अभ्यासक विरळ झाल्याने दप्तरांचे वाचनही मागे पडले आहे. एक कोटी साठ लाखांच्या वतीने १७ सप्टेंबरला जे विधान केले गेले, त्याचा पडताळा त्या एक कोटी साठ लाखांपैकी निदान काहींच्या साक्षीने, तालुकावार आणि गाववार, घेण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. ते पुरे होईल तेव्हाच त्या निरोपाच्या भाषणाचा हिशेब पूर्णपणे तपासला गेला, असे म्हणता येईल.